अर्ध्या मॅडम

चिखलीत आजही कुणाला विचारा, तायडे मॅडम कुठं राहायच्या हो? समोरचा जरा डोकं खाजवेल अन् मग म्हणेल, "कोण? त्या अर्ध्या मॅडम काय?" हे नाव गावानं दिलं. शिखरावर न जाता अर्ध्यातून परत येतात, म्हणून अर्ध्या. मी ते पहिल्यांदा किराणा दुकानात ऐकलं तेव्हा म्हणणाऱ्या माणसाशी भर दुकानात भांडले होते आणि साखर न घेताच घरी आले होते. आता भांडत नाही. कुणाकुणाचं तोंड धरणार? पण राग गेलेला नाही. तो माझ्याबरोबरच जाईल.

मी त्यांच्याच शाळेत हिंदी शिकवायचे. मॅडम शारीरिक शिक्षणाच्या. ठेंगण्या, सावळ्या, आवाज मात्र असा की मैदानावरून हाक मारली तर बाजार समितीतले हमाल वळून बघायचे. पायात बारा महिने जाड तळाचे बूट. लग्नाला जरीची साडी नेसून आल्या तरी खाली बूटच. एकदा मी म्हटलं, "अहो, निदान आज तरी चप्पल घाला." तर म्हणाल्या, "ताई, नवरदेवाच्या चपला चोरून नेतात पोट्ट्या. माह्या बुटाले कोणी हात तं लावून पाहो!" आणि स्वतःच खदखदून हसल्या.

त्यांनी शाळेतल्या मुलींना डोंगराचा नाद लावला. आमच्या भागात डोंगर म्हटलं की लोकांना वाटतं, देवाला जायचं असेल तरच चढायचं. नुसतं चढायला कोण जातं? पण दर शनिवारी दुपारी मॅडम पोरींना एसटीनं बुलढाण्याला न्यायच्या आणि राजूर घाटातून पायी खाली उतरवायच्या, मग पुन्हा वर. आमचा जिल्हा तसा उलटाच. आम्ही घाटावरचे लोक डोंगराच्या डोक्यावरच राहतो. मॅडमना ते फार सोयीचं वाटायचं. "पहिले उतरणं शिका," म्हणायच्या. "चढाले तं बकरी बी चढते. गुडघे जातात ते उतरताना अन् माणसं मरतात ते बी उतरताना."

त्यांच्या रीती ठरलेल्या होत्या आणि त्यात त्या कुणाचं ऐकत नसत. सगळ्यांत हळू चालणारी पोरगी सगळ्यांत पुढं. तिच्या पावलानं बाकीच्यांनी चालायचं. दमदार पोरी वैतागायच्या, मागून धुसफुसायच्या, पण मॅडम ढिम्म. संत्र्याची सालंसुद्धा डोंगरावर टाकू द्यायच्या नाहीत. सालं कुजतात की हो, असं मीच एकदा म्हटलं, तर मला म्हणाल्या, "तुमच्या बैठकीत टाकू काय मंग? तिथी बी कुजतीनच." त्यांच्या पाठपिशवीला एक खुरपं लटकलेलं असायचं. ते कशाला, हे समजल्यावर शिक्षकखोलीत आठवडाभर हशा चालला होता. पाण्यापासून लांब जायचं, खड्डा खणायचा, काम उरकायचं, माती लोटायची. पुरुष शिक्षकांना यात एवढं हसण्यासारखं काय सापडलं, मला आजवर समजलेलं नाही. रस्त्याकडेला उभं राहणाऱ्यांनी कुणाला हसू नये.

आणि सगळ्यांत मोठी रीत परतीची. निघतानाच ठरवायचं की अमुक वेळेपर्यंत जिथं असू तिथून मागं. वर पोचलो असू वा नसू. शिवाय आभाळ बिघडलं, कुणी आजारी पडलं, की घड्याळाकडेही न बघता मागं.

हे पोरींच्या गळी उतरवायला त्यांनी एक युक्ती काढली होती. मॅडमच्या घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. देवळाशी त्यांचा संबंध नाही. पण युक्ती मात्र देवळातली. "शेगावले गेल्यावर लय गर्दी असली तं तुमची आजी काय करते?" "बाहेरूनच कळसाले हात जोडते, मॅडम." "दर्शन झालं का नाही झालं?" "झालं." "मंग शिखराले काऊन होत नाही? कळसावर कोणी चढून बसते काय बे?" तर मागं फिरायची वेळ आली की सगळ्यांनी शिखराकडं तोंड करून हात जोडायचे, 'दर्शन झालं' असं मोठ्यानं म्हणायचं आणि वळायचं. पोरी हसायच्या, पण करायच्या.

एक मात्र हसायची नाही. वैशाली. चिखलीजवळच्याच एका खेड्यातल्या भाजीवाल्यांची पोर. आई बाजाराच्या दिवशी मेथी-पालक घेऊन बसायची. वैशाली उंच, काटक आणि जिद्दी. तिला पोलिसात जायचं होतं. आमच्याकडे पहाटे कुठल्याही रस्त्यावर बघा, भरतीसाठी पळणारी पोरं-पोरी दिसतात. त्यातली ही. मॅडमनी तिला आठवीपासून घडवली. शाळा संपली तरी ती रोज मैदानावर यायची. धावण्यात ती कुणाला ऐकायची नाही, गोळाफेक कच्ची होती. मॅडमनी तिच्या मनगटावर नि बोटांवर अशी मेहनत घेतली की गोळा मैदानाच्या कडेच्या निंबाखाली जाऊन पडू लागला. "ही पोट्टी वर्दीत येईन अन् पहिली चलान माह्या गाडीची फाडीन," असं मॅडम सगळ्यांना सांगत सुटायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या वर्दीची वाट त्या वैशालीपेक्षा जास्त बघत होत्या.

कळसूबाईला गेलो तेव्हा मीही बरोबर होते. खाली पायथ्याशी बसायला, आणखी कशाला! पोरी शेवटच्या लोखंडी शिडीपर्यंत पोचल्या आणि पलीकडच्या डोंगरावर वीज कडाडली. मॅडमनी तिथूनच सगळ्यांना फिरवलं. पोरी रडत खाली आल्या. वैशाली रडली नाही, पण चिखली येईपर्यंत बोलली नाही. वर मंदिरापाशी पोचलेल्या दुसऱ्या एका गटाचे फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर आले. त्यांना काही झालं नव्हतं. झालं, पालक शाळेत हजर. "त्याइले काही झालं नाही, मंग आमच्याच पोरीले काऊन परत आणलं?" मॅडम म्हणाल्या, "लोखंडाच्या शिडीवर तुमची पोर अन् वर कडाडणाऱ्या इजा. तुमी सांगा, चढवू काय?" सगळ्यांची तोंडं वाकडीच राहिली. तेव्हापासून 'अर्ध्या' सुरू झालं.

मग आली हिमालयाची मोहीम. गावातल्या प्रतिष्ठितांनी एक समिती केली. मॅडमना प्रमुख नेमलं, आणि पुरुषमाणूस पाहिजे बरोबर म्हणून आमच्याच शाळेतल्या काकडे सरांना जोडून दिलं. काकडे सर विज्ञानाचे. भाषण फक्कड करायचे, सूट शिवून घ्यायची हौस. निघताना बँड लावला, बसला हार घातला.

तिकडं काय झालं ते मला वैशालीनं सांगितलं. ती त्या मोहिमेत होती. शिखराच्या दिवशी काकडे सर सकाळपासून डोकं धरून चालत होते. मग ओकले. मग बरळायला लागले. बर्फात उभं राहून बायकोला म्हणे, "ताट वाढ, शाळेला उशीर होतोय." मॅडमनी त्यांना सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं, तर दारू प्यायल्यासारखे बाजूला कोलमडले. "जसं ऊन लागते नं, तशी उंची बी लागते," मॅडम म्हणायच्या. "उंची लागली का एकच औषध, खाली." सरांना उतरवायला मॅडम आणि तिथला वाटाड्या दोघंही लागणार होते आणि पोरींना वर एकटं सोडता येत नव्हतं. शिखर समोर दिसत होतं. वैशालीनं पाया पडून विनवलं, मले एकटीले जाऊ द्या, मी पळत जाऊन येतो. मॅडमनी तिचा हात धरून हात जोडायला लावले. सगळे उतरले. खालच्या मुक्कामावर सर शुद्धीवर आले आणि गरम वरण मागून प्यायले.

चिखलीच्या स्टँडवर बँड नव्हता. समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, असं कसं झालं? आणि काकडे सर उठून बोलले. मी समोर बसले होते. म्हणाले, "माझी तब्येत ठणठणीत होती. थोडं पित्त झालं होतं, ते कुणालाही होतं. मॅडमचाच धीर सुटला. स्त्री म्हणून आपण समजून घेतलं पाहिजे."

स्त्री म्हणून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वैशाली मागं उभी होती, ती बोलायला तोंड उघडणार तर मॅडमनी तिला डोळ्यांनी गप्प केलं. बाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, तुम्ही काऊन नाही बोलल्या? तर शांतपणे म्हणाल्या, "त्याच्या डोस्क्याले उंची लागली होती ताई. त्याले खरंच आठवत नसन." एवढा मोठा संशयाचा फायदा कोर्टसुद्धा देत नाही. मला विचाराल तर काकड्याला सगळं आठवत होतं. आपण बायकोला ताट वाढ म्हणत होतो आणि एका बाईनं आपल्याला काखेत धरून खाली आणलं, हेच त्याला सहन होत नव्हतं. जीव वाचवलेला माणूस उपकार विसरतो ते समजू शकते. इथं तो वैरी झाला.

पुढच्या वर्षी समितीनं पुन्हा मोहीम ठरवली, त्याच शिखराची. प्रमुख काकडे सर. मॅडमना साधं विचारलंही नाही. वैशालीनं नाव दिलं.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या शिक्षकखोलीत डबा खात होत्या. डबा तसाच झाकला आणि मैदानावर गेल्या. मी मागोमाग.

"कायले जाऊन राह्यली तू?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, दोनदा हात जोडून आली मी. आता पाय ठेवाचा आहे."

"त्या माणसासंगं? तुह्या डोयापुढं तो कसा झाला होता, पाह्यलं नाही काय तू?"

"पाह्यलं. पण सर म्हणतात, सर्टिफिकेट भरतीत कामी येते."

"भैताड आहेस काय तू? भरतीत शिखराचे मार्क नसतात. गोळ्याचे असतात. चार महिन्यावर आली भरती. वर्दी घालून घे, मंग तुह्या पगारानं जाय, मी येतो संगं."

वैशाली खाली मान घालून बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "गावात मले बी अर्धीच म्हणतात, मॅडम."

ज्या दिवशी बस निघाली, त्या दिवशी मॅडम स्टँडवर आल्या, बँडच्या गोंगाटात वैशालीच्या कानाशी लागून काहीतरी सांगत राहिल्या. काकडे सर लांबून बघत होते, गॉगल लावून.

मोहीम यशस्वी झाली. होय, शिखर सर झालं. मोबाईलवर व्हिडिओ आला आणि चिखलीभर फिरला. वारं सुटलंय, उन्हं कलली आहेत, परतीची वेळ कधीच टळून गेलेली दिसते आहे, आणि शिखरावर समितीचा फ्लेक्स बांधणं चाललंय. त्यावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, सगळे शुभेच्छुक, हात जोडून हसणारे. आमच्याकडे वाढदिवसाला, दहाव्याला, नळ आला तरी फ्लेक्स लागतो. मग शिखर कसं सुटेल? वाऱ्यानं तो हातात राहत नव्हता. जाड हातमोज्यांनी दोरीची गाठ बसेना. व्हिडिओत काकडे सरांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, "मोजे काढ वैशाली, मोजे काढ, एका मिनिटाचं काम आहे. अध्यक्षांचा चेहरा झाकला जातोय." आणि वैशाली मोजे काढते. मग तशाच उघड्या हातानं एकेका शुभेच्छुकाच्या चेहऱ्याजवळ बोट दाखवून फोटो. लोकांनी तो व्हिडिओ कौतुकानं पाहिला. मी मॅडमच्या शेजारी बसून पाहिला. मोजे निघाले तिथं त्यांनी मोबाईल पालथा ठेवला आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

मिरवणूक निघाली. जेसीबीच्या खोऱ्यातून फुलं उधळली. उघड्या जीपमध्ये वैशाली उभी, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांमध्ये, कोपरापासून हात हलवत होती. "बोटाले थोडी थंडी लागली, होऊन जाईन बरं," असं जो तो सांगत होता. मंगल कार्यालयात सत्कार. अध्यक्षांनी शाल पांघरली, नारळ दिला. तिला तो धरता येईना. छातीशी दाबून धरला तरी निसटला आणि व्यासपीठावरून गडगडत खाली आला. लोक हसले. तिची आई धावत जाऊन नारळ उचलून पदराखाली घेऊन बसली, चोरीचा असावा तशी.

काकडे सरांचं भाषण झालं. त्याग, जिद्द, चिखलीचं नाव. शेवटी म्हणाले, कुणाला प्रश्न असतील तर विचारा. मॅडम उठल्या.

"तो फ्लेक्स खाली आणला काय?"

"नाही मॅडम! तो वरच आहे. अभिमानानं फडकतो आहे." टाळ्या.

"म्हणजे कचरा करून आले," मॅडम म्हणाल्या. "बरं. पोरीले मोजे काढाले कोणी सांगतलं?"

काकडे सरांनी माईक अध्यक्षांकडं सरकवला. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आजचा दिवस आनंदाचा आहे. कोणाच्या यशाकडं असं पाहू नये." मॅडम बसल्या नाहीत. "मी काकडे सराले विचारून राह्यली," म्हणाल्या. "मांगच्या साली मी तुमाले जिता खाली आणलं. त्याच्या बदल्यात माही एक पोरगी होती, ते बी नीट आणता आली नाही काय तुमाले?" तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "अर्ध्या मॅडम, बसा खाली!" आणि सगळं कार्यालय हसलं. वैशाली तेवढी हसली नाही. ती पट्ट्यांकडं बघत होती. सूत्रसंचालकानं लगेच आभारप्रदर्शन सुरू केलं, आणि बाहेर जेवणाच्या पंगती बसल्या. मठ्ठा चांगला झाला होता म्हणे. मी जेवले नाही.

मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत बोटं काळी पडली होती. डॉक्टरांनी थांबून पाहिलं, मग कापली. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला. डाव्या हाताची पेरं गेली. समितीचे लोक एकदा सफरचंदं घेऊन भेटायला गेले, त्याचेही फोटो आले. भरतीची जाहिरात निघाली. वैशालीचा अर्ज भरण्यात आता अर्थ नव्हता. मैदानावर दुसऱ्या पोरी पळत होत्या आणि मॅडम शिट्टी तोंडात धरून उभ्या असायच्या, फुंकायला मात्र विसरायच्या.

मग संस्थेला एकाएकी साक्षात्कार झाला की घाटाखालच्या शाखेत शारीरिक शिक्षणाला शिक्षक नाही. मॅडमची बदली केली. काकडे सर उपमुख्याध्यापक झाले.

जायच्या आदल्या दिवशी मॅडम वैशालीकडं निघाल्या, मला म्हणाल्या, चला. तिच्या घरापुढं मेथीच्या जुड्या बांधणं चाललं होतं. आई बांधत होती. वैशाली भिंतीला टेकून बसली होती. एरवी हे काम तिचं असायचं. मॅडमना बघून आई उठली, चहा ठेवायला आत गेली. मॅडम जुड्या बांधू लागल्या. हात वेडेवाकडे चालत होते, सुतळी सुटत होती.

"मॅडम, तुमची गाठ ढिली बसून राह्यली," वैशाली म्हणाली.

"मले काय येते हे? तू सांग."

ती सांगत गेली, मॅडम बांधत गेल्या. आई चहा घेऊन आली. मॅडमनी कपातला चहा बशीत ओतला, फुंकून निववला.

वैशाली त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "तुमी संगं असत्या तं मले माघारी आणलं असतं."

"हाव."

"शिखर समोर असतं तरी?"

"समोर असतं तरी."

"मंग मी जलमभर तुमच्या नावानं बोटं मोडली असती."

मॅडमचा आवाज मी कधी एवढा बारीक ऐकला नव्हता. म्हणाल्या, "मोडली असती तं बरं झालं असतं, माय. मोडाले बोटं तं राह्यली असती."

वैशालीनं बशीकडं तोंड पुढं केलं, आणि मॅडमनी बशी तिच्या ओठांना लावली. चहा दोघींच्या अंगावर सांडत होता आणि मॅडम ती खाली ठेवायला तयार नव्हत्या.